शरणबसप्पा मास्तर आणि सुटलेलं न्यूट्रल

बेंबळीत कुणी फार बोलायला लागलं की जुनी माणसं त्याला दटावायची, "लई मास्तर झालास का रं?" हे मास्तर म्हणजे शरणबसप्पा. शाळेतले नव्हेत, आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवणारे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एसटीनं धाराशिवला जाऊन-येऊन काढली, आणि त्या एसटीतही त्यांचं शिकवणं चालूच असायचं. शेजारी बाजाराला निघालेला माणूस बसलेला असो नाहीतर कंडक्टर तिकिटं फाडत उभा असो, मास्तर त्याला पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार कशाला लागते ते समजावून सांगायचे. माणूस बेंबळीचाच असला तर बिचारा पार गावापर्यंत सुटायचा नाही. आवाज असा, की वर्गात ते बोलत असले की बाहेरच्या शिपायालासुद्धा मोटारीचं कनेक्शन पाठ व्हायचं.

वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "विजेची बेरीज बोटं मोजून होत न्हाय."

मग फळ्यावर ते मोठा त्रिकोण काढत. तीन कोपरे म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, तीन फेज. कोपऱ्यापासून कोपरा चारशे व्होल्ट. बरोबर मधोमध एक टिंब, ते न्यूट्रल, वीज परत नेणारी तार. तिथून प्रत्येक कोपरा दोनशे तीस. "आता सांगा," ते विचारत, "दोनशे तीस अन् दोनशे तीस मिळून चारशे साठ व्हायला पायजेत का न्हाय? मग चारशेच कसे?" पोरं बोटं मोजायला लागत. मास्तरांना तेच हवं असायचं. तिन्ही फेज एकदम वर चढत नाहीत, एकामागं एक चढतात, म्हणून त्यांची बेरीज सरळ रेघेत होत नाही, त्रिकोणातून काढावी लागते, हे सांगताना त्यांचा चेहरा प्रसाद वाटणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

"हे मधलं टिंब जमिनीला बांधलेलं असतंय, म्हणून जागचं हलत न्हाय. त्याची तार सुटली की ते ह्या त्रिकोणात कुठंबी भटकतंय. मग एका खोलीत पंखा बोंबलतो, दुसऱ्या खोलीत दिवा मरायला टेकतो. अन् जी तार आपण गरीब गाय समजतो, तीच मारायला उठती. किती व्होल्टनं मारंल ते कसं काढायचं? दोन कोपऱ्यांपासनं व्होल्टेज मोजा, तेवढे कंस कंपासनं काढा. दोन जागी छेदतील, त्रिकोणाच्या आतली जागा धरा. मधनं किती सरकली ते पट्टीनं मोजलं की झालं."

असा माणूस. आणि निवृत्तीनंतर, दिवाळीचे दिवे उतरवले त्याच आठवड्यात, त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे मुके झाले नाहीत. तसं झालं असतं तर बरं, असं मास्तरांना पुढं कितीतरी वेळा वाटलं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. समोरच्याचं बोलणं कळत होतं, आकडे कळत होते, माणसं कळत होती. पण बोलायला जावं एक आणि तोंडातून पडावं दुसरंच. उशी हवी असली की 'शेंगा' यायचं. मुलाला हाक मारायला जावं तर 'सोमवार'. 'व्हय' आणि 'न्हाय' यांचाही भरवसा उरला नव्हता. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, की शब्द शाबूत आहेत, वाट बुजलीय, सराव घ्या. सरावासाठी एक पाटी आणली. सून उमादेवी रोज दुपारी त्यावर अक्षरं काढायची आणि मास्तर डाव्या हातानं ती गिरवायचे. जन्मभर दुसऱ्यांना गिरवायला लावलेला माणूस.

घराच्या पुढच्या बाजूला त्यांच्या मुलाची, श्रीशैलची, पिठाची गिरणी होती. गिरणीमुळं घरात तिन्ही फेज होत्या. मास्तरांनीच त्या वाटून दिलेल्या, एक त्यांच्या खोलीला, एक स्वैपाकघराला, एक गिरणीच्या आणि पुढच्या दिव्यांना. सगळं नीट होतं. पण घरात नवी फरशी बसवताना गवंड्यानं अर्थिंगचा खड्डा बुजवला आणि तार तोडून टाकली. वायरमन आला. नवा खड्डा घ्यायचा सोडून त्यानं बोर्डात अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून दिली. "चालतंय," म्हणाला, "समदीकडं आसंच आसतंय."

मास्तरांनी ते पाहिलं तेव्हा गल्ली गोळा होईल एवढा आवाज केला होता. "न्यूट्रल जागेवर हाय तवर चालतंय! सुटली की घरातलं एकूण एक लोखंड जितं व्हईल!" श्रीशैल म्हणाला, "अप्पा, गिऱ्हाईक खोळंबलंय. दिवाळी होऊ द्या, खड्डा घेऊ." दिवाळी झाली. त्यानंतर खड्ड्याचा विषय काढणारंच कुणी उरलं नाही.

चैत्र लागून उन्हं तापली होती. त्या दुपारी मास्तर हवेच्या गादीवर पडले होते. गादीचा छोटा पंप शेजारच्या बोर्डावर घुर्रघुर्र करत होता. त्या बोर्डात हिंडत्या-फिरत्या दिवसांत त्यांनी लाल आकड्यांचं लहानसं मीटर बसवलेलं होतं, खोलीत किती व्होल्टेज येतंय ते दाखवणारं. स्वैपाकघराच्या दारातून फ्रीजच्या स्टॅबिलायझरचे आकडेही पलंगावरून दिसत. दिवसाकाठी ते दोन आकडे बघणं हीच काय ती त्यांची करमणूक होती. पुढं गिरणी बंद होती. श्रीशैल जात्याच्या पाळ्यांना टाकी लावत बसला होता. छिन्नीवर हातोडी पडल्याचा ठणठणाट घरभर येत होता.

आधी वावटळ आली. खिडकीचं दार आपटलं, बाहेरच्या खांबावर तारा हिंदकळल्या. वावटळ गेली आणि डोक्यावरचा पंखा एकाएकी जोरात फिरायला लागला.

मास्तरांनी मीटरकडं पाहिलं. दोनशे नव्वद.

स्वैपाकघरात त्यांची बायको पार्वतम्मा शेंगांची चटणी वाटत होती. मिक्सरचा आवाज एकदम जड झाला, चढाला लागलेल्या गाडीसारखा. मास्तरांनी मान वळवून फ्रीजकडं पाहिलं. एकशे सत्तर.

इथं चढलं, तिथं उतरलं. दुसरं काही असूच शकत नव्हतं. खांबावरची न्यूट्रल सुटली होती, आणि गिरणीची मोटार चालू असती तर तिनं थोडंफार सांभाळून घेतलं असतं, तीही आज बंद होती.

त्यांनी डोळे मिटले आणि त्रिकोण काढला. चारशेची बाजू. एका कोपऱ्यापासून दोनशे नव्वदचा कंस, दुसऱ्यापासून एकशे सत्तरचा. हजार वेळा काढलेली आकृती. कंस आपसूक वळले आणि एका जागी छेदले. मधल्या टिंबापासून ती जागा किती लांब? पट्टी लावायची गरजच नव्हती. सत्तर. सत्तरच्या आसपास व्होल्ट आता त्या न्यूट्रलवर होते, आणि न्यूट्रलवर होते म्हणजे अर्थिंगच्या तारेवर होते, आणि अर्थिंगच्या तारेवर होते म्हणजे फ्रीजच्या पत्र्यावर.

फरशी नुकतीच पुसली होती. पार्वतम्मा अनवाणी होती.

"न्यूट्रल!" असं मास्तर ओरडले. निदान ओरडायला गेले.

"दूध!" तोंडातून आलं.

मिक्सर थांबला. "काय म्हणलाव?" पार्वतम्मा दारात आली. तिचा चेहरा उजळला होता, कारण इतक्या ठणठणीत आवाजात मास्तर महिन्यांत बोलले नव्हते. "दूध पायजे? आता? देते की."

"दूध! दूध! दूध!" मास्तर डावा हात हलवून नको नको करत होते. त्यांच्या कानांना स्वतःचा शब्द ऐकू येत होता, तो चुकीचा आहे हेही कळत होतं, आणि तोच शब्द पुन्हा जिभेवर येऊन बसत होता.

"अवं, आणते म्हणलं न्हवं का. किती ती घाई." ती वळली आणि फ्रीजकडं गेली.

पार्वतम्मानं फ्रीज उघडला, दुधाचं पातेलं काढलं, कोपरानं दार लोटलं, आणि "यव्वा!" म्हणून पाय झटकला. दाराच्या खालच्या कडेला रंग उडून पत्रा उघडा पडला होता, तिथं तिची पोटरी लागली होती.

"उमा, फ्रीजला करंट मारतोय गं," तिनं परसात धुणं वाळत घालणाऱ्या सुनेला सांगितलं.

"पाय वल्ले असतील, अत्या," उमादेवी बाहेरूनच म्हणाली. "मलाबी पावसाळ्यात मुंग्या आल्त्या. चप्पल घाला."

चप्पल पुढच्या दारात होती. पार्वतम्मा दूध घेऊन पलंगाजवळ आली, नवऱ्याची मान उचलून वाटी तोंडाला लावली. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. दूध हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

"मागितलं कशापायी मग?" ती कुरकुरली. पण आवाजात राग नव्हता. पदरानं गळा पुसून तिनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

आता बोलायचं नाही, असं मास्तरांनी ठरवलं. बोललं की ती फ्रीजकडंच जाणार. त्यांनी उशाशी ठेवलेल्या पाटीकडं बोट केलं. पार्वतम्मानं ती हातात दिली, खडूही दिला. डाव्या हातानं त्यांनी त्रिकोण काढला. रेघा वेड्यावाकड्या गेल्या, पण त्रिकोण झाला. मधोमध टिंब दिलं, आणि त्याच्या बाजूला, जिथं कंस छेदले होते तिथं, दुसरं टिंब. पहिल्यावरून दुसऱ्याकडं बाण काढला. मग पाटी वर धरून ती स्वैपाकघराच्या दिशेनं हलवली.

आयटीआयचं कुठलंही पोर असतं तर ते पाहून ताडकन उठलं असतं आणि मेन स्वीच पाडला असता. पार्वतम्मानं पाटी निरखून पाहिली. "देऊळ काढलंय का?" ती म्हणाली. मग मधल्या टिंबावर बोट ठेवलं, "ही पिंड?" आणि तिचे डोळे भरून आले. "उमा, बघ गं. तुज्या मामांनी महादेवाचं देऊळ काढलंय. आज सोमवारबी हाय."

उमादेवी हात पुसत आली, पाटी पाहून हसली. "छान आलंय, मामा. आता अ काढायचा का?" तिनं पाटी पुसली, त्यावर मोठा अ काढला आणि त्यांच्या छातीवर ठेवली.

मास्तर त्या अ-कडं बघत राहिले. पुढं छिन्नी ठणठणत होती. श्रीशैलला ऐकू जाईल असा आवाज काढावा तर निघणार काय, दूध? तो म्हणणार, अव्वा, अप्पाला दूध दे. बोर्डाची बटणं हाताच्या अंतरावर होती, पण ती या खोलीची होती. ती सगळी बंद केली तरी न्यूट्रलवरचं व्होल्टेज जाणार नव्हतं, उलट हललं तर कुठं हलेल सांगता येत नव्हतं. पार्वतम्मा पुन्हा स्वैपाकघराकडं निघाली. चटणी अर्धी राहिली होती. मीठ फ्रीजच्या डोक्यावर असायचं.

एकच गोष्ट त्यांच्या हातात होती. धड राहिलेल्या डाव्या पायानं त्यांनी गादीला रेटा दिला, डाव्या हातानं पलंगाची कड ओढली आणि स्वतःला खाली टाकलं.

दाणकन आवाज झाला. छिन्नी थांबली. पार्वतम्मा धावत आली, उमादेवी धावत आली, पुढून श्रीशैल पिठानं माखलेला आला. तिघं खोलीत जमली. स्वैपाकघरात कुणी नव्हतं. कपाळ फुटल्यासारखं दुखत असतानाही मास्तरांना क्षणभर बरं वाटलं.

त्यांनी श्रीशैलचं मनगट पकडलं. वर पंख्याकडं बोट केलं. मीटरकडं केलं. ओठ आवळून, एकेक अक्षर जमवून, सगळा जीव गोळा करून त्यांनी शब्द ढकलला.

"दू... दूध."

"देतो, अप्पा, देतो," श्रीशैलनं त्यांना काखेत धरून वर घेतलं. "पंखा कमी करायचाय का? करतो." त्यानं पंख्याचं बटण एका खुणेनं मागं फिरवलं. मीटरकडं त्यानं पाहिलंही असेल, पण दोनशे नव्वद म्हणजे काय हे त्याला कधी शिकायचंच नव्हतं. बापानं वर्गात सगळ्या गावाची पोरं शिकवली, हा एक सोडून.

"टेंगूळ आलंय," पार्वतम्मा म्हणाली. "बर्फ लावला पायजे."

"बर्फ नको, शेक देऊ," उमादेवी म्हणाली. "मी पाणी ठेवते."

"तू शेक दे, मी बर्फ लावते. काय तरी लागू पडंल."

दोघी उठल्या. मास्तर श्रीशैलचं मनगट सोडेनात. त्यांच्या नखांनी त्याच्या हातातून रक्त काढलं. "अप्पा, अवं, दुखतंय," तो म्हणाला, आणि बापाला वेदना होताहेत म्हणून ते असं करताहेत असं समजून तसाच बसून राहिला.

उमादेवीनं विजेच्या किटलीत पाणी भरून बटण दाबलं. त्या फेजवर एवढा भार येताच इकडचा पंखा कमी केलेला असतानाही किंचाळायला लागला. लाल आकडे धावले. तीनशे. तीनशे तीस. मास्तरांनी दारातून फ्रीजकडं पाहिलं. एकशे दहा. डोक्यात कंस आपोआप वळले, ते त्यांना थांबवता येईनात. टिंब मधनं आणखी लांब पळालं. शंभर. शंभरच्या पुढं. सव्वाशे.

पार्वतम्मानं फ्रीजचं वरचं झाकण उघडलं. बर्फाचा ट्रे आत चिकटून बसला होता. तो सुटावा म्हणून तिनं एक हात पाण्यात बुडवून ट्रेवर फिरवला आणि दुसऱ्या हातानं आतल्या ॲल्युमिनियमच्या कप्प्याची कड धरली.

आवाज झाला नाही. ती फक्त ताठ झाली. तिच्या पाठीकडं बघणाऱ्या मास्तरांना आधी कळलं. शेजारी उभ्या उमादेवीला नंतर. "अत्या?" उमादेवीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. मग तिची किंकाळी घर फोडून गेली.

श्रीशैलनं मनगट हिसडलं. तो स्वैपाकघराकडं धावला, मध्येच काय कळलं कुणास ठाऊक, वळला आणि पुढं जाऊन मेन पाडला. पंखा मंद होत गेला. पार्वतम्मा कप्प्यावरून सुटली ती ओल्या फरशीवर आडवी पडली.

ती जगली. धाराशिवच्या दवाखान्यात तिच्या तळहाताची जळलेली कातडी बरी झाली, पण पडताना खुबा मोडला होता. तिथं सळई घालावी लागली.

त्याच दिवशी संध्याकाळी लाइनमन आला होता. खांबावर चढला, तार आवळली, खाली उतरून म्हणाला, "न्यूट्रल सुटली हुती. वाऱ्यानं झालं आसंल." खिडकीतून मास्तरांनी ऐकलं. भेटायला येणाऱ्या बायकांना उमादेवी सांगायची, "मामा पलंगावरनं पडले, अन् त्या गडबडीत अत्यांचा हात लागला." त्यात खोटं काही नव्हतं. बायका हळहळत पलंगाकडं बघायच्या. मास्तर भिंतीकडं तोंड करून घ्यायचे.

पार्वतम्मा घरी आली तेव्हा तिचा पलंग त्याच खोलीत, मास्तरांच्या पलंगाला लावून टाकला. दोघं शेजारी शेजारी पडून राहू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या असा निवांतपणा त्यांना कधी मिळाला नव्हता. दवाखान्यात एका लकव्याच्या बाईजवळ तिनं एक खूण शिकून घेतली होती. तिनं मास्तरांचा डावा हात हातात घेतला. "व्हय म्हणायचं तर एकदा दाबा. न्हाय म्हणायचं तर दोनदा. तोंड उघडू नका."

आणि मग एका दुपारी तिनं विचारलं, "त्या दिवशी तुमाला दूध पायजे हुतं?"

दोनदा.

"पंख्याचं काय हुतं?" हात हलला नाही, मग अर्धवट हलला. "मग फ्रीजचं?"

एकदा. इतक्या जोरात, की तिला बरी होत आलेली कातडी दुखली.

"फ्रीजला हात लावू नको, असं म्हणत हुता?"

एकदा. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं.

"अन् ते देऊळ?"

याला व्हय-न्हायमध्ये उत्तर नव्हतं. चारशेची बाजू, दोन कंस, सरकलेलं टिंब हे हाताच्या दाबण्यात कसं बसवायचं? मास्तरांनी हात सैल सोडला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "देऊळच हुतं समजू."

त्या आठवड्यात श्रीशैलनं अर्थिंगचा खड्डा काढला. दोन माणसं लावली, कोळसा आणला, मिठाची पोती आणली. आईच्या पलंगाकडं बघायला त्याला अजून जमत नव्हतं. जे करायचं ते तो अंगणातच करत होता. खिडकीशी येऊन त्यानं आत डोकावून विचारलं, "अप्पा, भित्तीच्या कडंला घेऊ का? हितं सोपं पडतंय."

भिंतीच्या कडेला पायाचा भराव होता, दगड आणि मुरूम, बारा महिने कोरडा, आणि कोरड्यात वीज जमिनीत उतरत नाही. खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ हवा होता, जिथं माती ओली राहते. मास्तरांनी मान उचलली.

"व्हय," ते म्हणाले. त्यांचे डोळे विस्फारले. "व्हय. व्हय."

"हां," श्रीशैलचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला. बापानं सांगितलं, त्यानं ऐकलं. तो वळला.

पार्वतम्माच्या हातावर दाब आला. दोनदा. पुन्हा दोनदा.

"न्हाय म्हणत्यात," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "श्रीशैल! थांब रं! न्हाय म्हणत्यात ते!"

बाहेर पहारीचा पहिला घाव दगडावर पडला. ती कोपरावर रेटून उठायला गेली, खुब्यातून कळ आली आणि ती परत उशीवर पडली. "श्रीशैल!" तिनं पुन्हा हाक मारली. पहार चालूच होती. मास्तर तिचा हात दाबत राहिले, दोनदा, दोनदा. "कळलंय मला," ती म्हणाली. "मला कळलंय वं."